रूफस की अ‍ॅलन्स? तांबूस हमिंगबर्डबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी लागला की सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहणाऱ्या आम्हा मराठी पक्षीवेड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकाच धाटणीचे फोटो पडू लागतात. फीडरवर, म्हणजे साखरपाण्याच्या टांगत्या भांड्यावर, बसलेला चिमुकला हमिंगबर्ड, कुशी तांबूस, पाठ अर्धीच दिसतेय, शेपटी मिटलेली. खाली प्रश्न ठरलेला: "हा रूफस ना?" आणि माझं उत्तरही ठरलेलं: "असेल. नसेलही." या उत्तरावर लोक वैतागतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते आहे.

हे दोघं आहेत तरी कोण?

रूफस म्हणजे सेलास्फोरस रूफस आणि अ‍ॅलन्स म्हणजे सेलास्फोरस सासिन. एकाच कुळीतले सख्खे शेजारी. दोघांची लांबी आठ-नऊ सेंटिमीटर, वजन साधारण आपल्या रुपयाच्या नाण्याइतकं. दोन्ही नरांचा गळा पेटत्या निखाऱ्यासारखा, दोघांच्या कुशी आणि शेपट्या तांबूस, दोघांच्या माद्या वरून हिरव्या आणि खालून मळक्या पांढऱ्या. रूफस हे नाव 'तांबडा' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलं. अ‍ॅलन्स हे नाव कॅलिफोर्नियात पक्ष्यांचे नमुने गोळा करणाऱ्या चार्ल्स अँड्र्यू अ‍ॅलन यांच्यावरून पडलं.

माझ्याकडे बारा महिने येतो तो यातला कुठला?

बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, राहत असाल तर बहुतेक दोन्हीही नाही, तो अ‍ॅना. अ‍ॅनाच्या अंगावर तांबूस रंगाचा ठिपकाही नसतो. वरून हिरवा, खालून करडा, आणि नराच्या गळ्याबरोबर डोकंसुद्धा गुलाबी-किरमिजी झळकतं. त्यामुळे पहिली चाळणी हीच लावा: कुशीत किंवा शेपटीत तांबूस रंग आहे का? नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही. माझ्याकडे येणाऱ्या फोटोंपैकी निम्मे इथेच निकालात निघतात.

तांबडी पाठ असेल तर रूफस, हिरवी असेल तर अ‍ॅलन्स. एवढं सोपं नाही का?

निम्मं सोपं आहे. पूर्ण वाढलेला नर असेल, म्हणजे गळा आख्खा रंगलेला असेल, आणि पाठ मानेपासून शेपटीपर्यंत विटकरी-तांबूस असेल, तर तो रूफस. खुशाल लिहा. डोक्यावर हिरवी टोपी असते, तिच्याकडे लक्ष देऊ नका. ती दोघांनाही असते.

घोळ उलट्या बाजूने होतो. अ‍ॅलन्सच्या नराची पाठ हिरवी असते हे खरं, पण रूफसच्या काही नरांच्या पाठीवरही हिरवे शिंतोडे असतात आणि थोड्यांची पाठ तर जवळजवळ सगळीच हिरवी असते. असे रूफस कमी असतात, पण असतात. शिवाय नुकते वाढलेले रूफसचे कोवळे नर सर्रास हिरव्या पाठीचे असतात आणि त्यांच्या गळ्यावर तांबड्या पिसांचे ठिपके आलेले असतात. घाईत पाहिलं तर अगदी अ‍ॅलन्सच. म्हणून हिरवी पाठ दिसली की निकाल लागला असं नाही. तिथून खरा तपास सुरू होतो.

मग तपास कशाचा करायचा?

शेपटीचा. इथे जरा सावकाश वाचा, कारण सगळी मेख इथेच आहे.

हमिंगबर्डच्या शेपटीत दहा पिसं असतात, मधून मोजायला लागलं तर दोन्ही बाजूंना पाच-पाच. अगदी मधल्याला पहिलं म्हणायचं आणि बाहेर बाहेर जात शेवटच्याला पाचवं. आपल्याला यातली दोनच पाहायची आहेत, दुसरं आणि पाचवं.

रूफसच्या नरात दुसऱ्या पिसाच्या टोकाजवळ, आतल्या कडेला, एक स्पष्ट खाच असते. बोटाच्या नखाने पानाची कड अलगद तोडावी तशी. अ‍ॅलन्सच्या त्याच पिसाला खाच नसते, ते गुळगुळीत निमुळतं होत जातं. आणि पाचवं, सर्वांत बाहेरचं पीस अ‍ॅलन्समध्ये इतकं अरुंद असतं की पसरलेल्या शेपटीच्या कडेला दाभण टोचून ठेवल्यासारखं दिसतं. रूफसमध्ये तेच पीस अरुंदच, पण पिसासारखं दिसेल एवढं रुंद असतं.

पहिल्यांदा ही खाच मला दिसली तो फोटो अजून जपून ठेवला आहे. पक्षी फोकसमध्ये नव्हताच, डोकं धुरकट, चोच चौकटीबाहेर. पण तो दुसऱ्या नराला पाहून हवेतल्या हवेत थबकला होता आणि शेपटी जपानी पंख्यासारखी उघडली होती. पाठ हिरवी. मी मनातल्या मनात 'अ‍ॅलन्स' लिहूनही टाकलं होतं. संगणकावर मोठा करून पाहिला तर दुसऱ्या पिसाला दोन्हीकडे खाच, डावीकडे आणि उजवीकडे, सारखी. हिरव्या पाठीचा रूफस. त्या दिवसापासून पाठीवर विसंबणं सोडलं.

असा फोटो काढायचा कसा? तो क्षणभरही थांबत नाही.

बसलेला पक्षी शेपटी मिटून बसतो, त्यामुळे फीडरवर बसलेल्याचे शंभर फोटो काढून उपयोग नाही. शेपटी तीन वेळा उघडते: फीडरजवळ येऊन ब्रेक लावताना, दुसऱ्याला हुसकावताना आणि फांदीवर बसून पिसं साफ करता करता आळस देताना. तिसरी वेळ सर्वांत सोयीची. प्रत्येक नराची एक लाडकी सुकी काटकी असते, हुसकावून आला की तो तिथेच बसतो. ती हेरा, ऊन पाठीशी घ्या, शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापेक्षा वेगवान ठेवा आणि एका दमात वीस-वीस फोटो घ्या. पंख सेकंदाला पन्नासाहून जास्त वेळा हलतात, ते धूसर आले तर येऊ देत. आपल्याला पंख नकोतच.

फोनवर हे जमत नाही. मी प्रयत्न केलेला आहे.

मादी कशी ओळखायची?

नाही ओळखता येत.

हे वाचून कुणीतरी नेहमी म्हणतं, "पण अमक्या ठिकाणी लिहिलंय की अ‍ॅलन्सची मादी जरा लहान असते." असते. पण दोन माद्या शेजारी बसवून फूटपट्टी लावता आली तर! बागेत उडणाऱ्या मादीच्या बाबतीत या गोष्टीला काडीची किंमत नाही. परवानाधारक अभ्यासक पक्ष्याला रिंग घालायला हातात घेतात, तेव्हा आधी वय आणि लिंग ठरवतात आणि मग बाहेरच्या पिसाची रुंदी मोजून निर्णय देतात. वय चुकलं तर मापंही चुकीची वाटतात, कारण एका जातीच्या कोवळ्या पिल्लांची मापं दुसऱ्या जातीच्या मोठ्यांच्या मापांवर चढतात. मादी आणि पिल्लं यांच्यासाठी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर 'रूफस/अ‍ॅलन्स' असा जोडपर्याय मुद्दाम ठेवलेला आहे. तो निवडण्यात कमीपणा नाही. उलट यादी तपासणाऱ्यांचा त्या निरीक्षणावर विश्वास बसतो.

तारीख आणि ठिकाण यांवरून काही सांगता येतं का?

खूप. माझ्या मते शेपटीखालोखाल हाच पुरावा, आणि तो कॅमेऱ्याशिवाय मिळतो.

रूफसचं वर्ष असं जातं: हिवाळा मुख्यतः मेक्सिकोत. वसंतात पॅसिफिकच्या काठाकाठाने उत्तरेकडे, ऑरेगन, वॉशिंग्टन, ब्रिटिश कोलंबिया करत थेट दक्षिण अलास्कापर्यंत. इतक्या उत्तरेला विणीसाठी जाणारा दुसरा हमिंगबर्ड नाही. परतीची वाट मात्र वेगळी. जुलैपासून ते डोंगरांतून, सिएरा नेवाडा आणि रॉकी पर्वतांच्या फुललेल्या कुरणांवरून खाली उतरतात. येताना किनारा, जाताना घाट. अलास्का ते मेक्सिको हे एका बाजूचं अंतर सहा हजार किलोमीटरच्या घरात जातं. एवढ्याशा जिवाने!

अ‍ॅलन्स आखडत्या नकाशाचा पक्षी आहे. दक्षिण ऑरेगनपासून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याची एक चिंचोळी, धुक्याची पट्टी, तीच त्याची विणीची जागा. आपल्याकडे कोकणपट्टी असते तशी, घाट चढला की संपली. यातले स्थलांतर करणारे मध्य मेक्सिकोतून फार लवकर येतात, जानेवारी संपता संपताच. विणही लवकर उरकते. नर मे-जूनमध्ये गायब होऊ लागतात, माद्या आणि पिल्लं ऑगस्टपर्यंत.

आता हे बे एरियावर ठेवून पाहा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हिरव्या पाठीचा नर एकाच झुडपावर रोज हक्क गाजवत असेल तर तो अ‍ॅलन्स असण्याचीच शक्यता दाट. मार्चचा शेवट आणि एप्रिल हा खरा गोंधळाचा काळ, तेव्हा स्थानिक अ‍ॅलन्स घरटी करत असतात आणि त्यांच्यातून रूफसचे तांडे उत्तरेकडे निघालेले असतात. जूनमध्ये घरट्यावर बसलेली तांबूस कुशीची मादी म्हणजे अ‍ॅलन्स, कारण तोवर रूफस इथून केव्हाच गेलेले असतात. जुलै-ऑगस्टमध्ये लेक टाहोला किंवा योसेमिटीच्या उंच कुरणांत दिसणारे बहुतांशी रूफस.

सिअ‍ॅटलकरांना हा लेख लागतच नाही. तुमच्याकडे रूफसच.

आम्ही लॉस एंजेलिसला राहतो. इथे तर डिसेंबरमध्येही तांबूस हमिंगबर्ड असतात.

ते अ‍ॅलन्सच, पण स्थलांतर न करणारे. त्यांची उपजात सेडेंटेरियस, नावातच बैठेपणा आहे. ही मूळची कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडच्या चॅनेल बेटांवरची. 1960च्या दशकात पालोस वर्देस भागात ती मुख्य भूमीवर विणीला लागली आणि नंतर बागा, उद्यानं आणि वर्षभर फुलणारी बाहेरची झाडं धरून दक्षिण कॅलिफोर्नियाभर पसरली. शहर वाढलं की पक्षी हटतात असं आपण धरून चालतो. हा पक्षी मात्र शहराच्या जिवावर वाढला.

गळ्याच्या रंगावरून?

नाही. तो रंग पिसांच्या सूक्ष्म रचनेतून येतो, त्यामुळे ऊन कुठून पडतं यावर तांबडा, नारिंगी, सोनेरी ते थेट काळा दिसतो. एकाच पक्ष्याचे लागोपाठचे दोन फोटो दोन जातींचे वाटतात.

उडण्यावरून आणि आवाजावरून सांगता येतं असं ऐकलं.

नर ऐटीत असेल तर येतं, आणि हे पाहायला फार मजा येते. अ‍ॅलन्सचा नर आधी झोके घेतो. बसलेल्या मादीसमोर पंचवीसेक फुटांच्या कमानीत इकडून तिकडे, तिकडून इकडे, घड्याळाच्या लंबकासारखा, आणि झोक्याच्या टोकाला अंग थरथरवतो. मग शंभरेक फूट सरळ वर चढतो आणि दगड टाकावा तसा खाली येतो. वळताना कापड टर्रकन फाटल्यासारखा आवाज. रूफसच्या झेपेत हे लांबलचक झोके नसतात. तो वर चढून तिरक्या लंबगोलात किंवा इंग्रजी जे अक्षरासारखा खाली येतो, तळाशी अडखळत 'चु-चु-चु' असं काहीतरी ऐकू येतं, आणि लगेच पुन्हा वर. चार-पाच झेपा लागोपाठ.

हे आवाज सगळेच गळ्यातले नसतात. वेगाने हवा कापताना शेपटीची पिसं फडफडून गाऊ लागतात. अ‍ॅनाच्या झेपेच्या तळाशी येणारी ती मोठी 'चीक' शेपटीची असते, हे 2008मध्ये प्रयोगांनी दाखवलं गेलं. म्हणजे आपण ज्या पिसांची खाच आणि रुंदी शोधत डोळे फोडतो, त्याच पिसांवर हे सूर वाजतात.

अ‍ॅपने तर ठामपणे 'रूफस' सांगितलं!

अ‍ॅपला फोटोत शेपटी दिसली होती का? तुम्हाला दिसली नसेल तर त्यालाही नाही. अ‍ॅपला तारीख आणि ठिकाण नीट दिलं तर त्याचा अंदाज सुधारतो, पण तो अंदाजच.

या दोघांचा संकर होतो का?

होतो. दक्षिण ऑरेगन आणि उत्तर कॅलिफोर्नियात दोघांच्या सीमा भिडतात आणि तिथे मिश्र पिल्लं होतात. पाठ एकाची, शेपटी दुसऱ्याची, झेप तिसरीच. त्या पट्ट्यात फिरायला गेलात तर यादीत जोडनाव लिहा आणि निवांत कॉफी प्या.

आम्ही फ्लोरिडात आहोत. इथे माणिककंठीच असतात ना? मग हिवाळ्यात हा तांबूस कोण?

उन्हाळ्यात तुमच्याकडे माणकासारख्या गळ्याचा रुबी-थ्रोटेड, बरोबर. पण नोव्हेंबरनंतर तांबूस कुशीचा कुणी दिसला तर तो बहुधा वाट वाकडी करून आलेला रूफस. क्वचित अ‍ॅलन्सही निघतो, म्हणून पूर्वेकडे असा पक्षी दिसला की रिंग घालणाऱ्यांना बोलावतात. जानेवारी 2010मध्ये फ्लोरिडातल्या टॅलाहासीला एका रूफस मादीच्या पायात रिंग घातली गेली. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस ती सापडली अलास्कातल्या चेनेगा बे इथे, साडेपाच हजार किलोमीटरहून दूर. वाट चुकली म्हणावं तर असं कसं म्हणणार?

फीडरमध्ये गूळ चालेल का? साखरेपेक्षा पौष्टिक ना.

आपल्याला. त्यांना नाही. गुळात आणि ब्राऊन शुगरमध्ये लोह असतं, ते त्यांच्या अंगात साठून घातक ठरतं. मधही नको, त्यावर बुरशी धरते. लाल रंग तर मुळीच घालू नका, फीडरचा लाल भाग पुरेसा असतो. साधी पांढरी साखर एक भाग, पाणी चार भाग. उन्हाळ्यात दोन दिवसांनी पाणी फेकून फीडर धुवायचा, थंडीत चार-पाच दिवस चालतं. पाणी गढूळ दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

एकच तांबूस नर सगळ्यांना हाकलतो. काय करू?

माझी आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती तेव्हा तिने याचं नाव 'भाऊबंद' ठेवलं होतं. "बांधावर उभा राहतो बघ, स्वतः खात नाही नि दुसऱ्याला खाऊ देत नाही." रूफस आणि अ‍ॅलन्स दोघंही असेच. आपल्यापेक्षा थोराड अ‍ॅनालाही पिटाळतात. यावरूनही ओळख पटत नाही, ते आधीच सांगते. उपाय एकच, दुसरा फीडर घराच्या पलीकडच्या बाजूला, पहिल्यावरून दिसणार नाही असा लावायचा. एका वेळी दोन बांध राखता येत नाहीत.

पुण्यात आमच्या गॅलरीतल्या जास्वंदीवर हमिंगबर्ड आला होता. व्हिडिओ पाठवू?

पाठवा, पण हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात. तुमचा बहुधा शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. तोही चमकतो, बाकदार चोचीने मध पितो, क्षणभर हवेत तरंगतोही, पण जमेल तेव्हा फांदीवर बसून पितो. व्हिडिओत चोचीऐवजी लांब सोंड आणि डोक्यावर मिशा दिसल्या तर तो पक्षीच नाही, दिवसा उडणारा पतंग आहे. रूपाने शिंजीर जवळचा वाटला तरी हमिंगबर्डचं खरं नातं पाकोळीशी आहे. पावसाळी संध्याकाळी जुन्या वाड्यांवर, किल्ल्यांवर किलबिलत भिरभिरणारी ती काळपट पाकोळी या रत्नांची चुलत बहीण.

रिकामं घरटं सापडलं. मुलांना दाखवायला घरी आणू?

अमेरिकेत नाही. 1918च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने घरटं, अंडं, पीससुद्धा बाळगायला मनाई आहे. फोटो काढा. कोळ्याच्या जाळ्याने बांधलेलं असतं, पिल्लं वाढतील तसं ते ताणलं जातं, हे मुलांना दाखवण्यासारखं आहे.

हे पक्षी कमी होत चाललेत का?

रूफसची संख्या घटते आहे, 2018पासून तो धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत 'संकटाच्या जवळ' या गटात आहे. म्हणूनही नोंदीत नेमकेपणा हवा. प्रत्येक तांबूस पक्ष्याला अंदाजाने रूफस लिहीत गेलो तर घट कुठे होतेय ते कळणारच नाही.

दोघंही एकाच दिवशी पाहायचे तर कुठे जाऊ?

मार्चच्या शेवटी सांता क्रूझ विद्यापीठाच्या अर्बोरेटममध्ये, म्हणजे वृक्षोद्यानात. तिथल्या ऑस्ट्रेलियन झाडांच्या भागात ग्रेव्हिलिया फुललेल्या असतात, आपल्याकडे चहा-कॉफीच्या मळ्यांत लावतात त्या सिल्व्हर ओकची ही भावंडं. अ‍ॅना, अ‍ॅलन्स आणि वाटसरू रूफस, तिघंही एकाच झुडपासाठी भांडताना सापडतात. सकाळी लवकर पोचा, जाड स्वेटर घाला, धुकं दहापर्यंत हटत नाही. आणि पाठीवर नजर गेली की स्वतःला म्हणा: शेपटी, बाई, शेपटी.